शाळा फोनवर, मूल फडावर

दसरा उलटला की वडवणी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर निघण्याची तयारी सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, टोळी ठरलेली असते आणि कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या आणि लहान मुले एकाच ट्रॅक्टरमध्ये चढतात. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. परतणे होते ते मार्च-एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याच्या आगेमागे. शाळेच्या दिनदर्शिकेत हा काळ म्हणजे जवळजवळ सगळे दुसरे सत्र.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून राज्यभर ओळखला जातो. दरवर्षी इथून काही लाख माणसे बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. पूर्वी गाव सोडून गेलेले मूल शाळेच्या नजरेआड होत असे. आता आई-वडिलांपैकी एकाकडे तरी बहुधा मोबाइल असतो. त्यामुळे एक आशा स्वाभाविकपणे निर्माण झाली आहे: मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळाच फोनवरून मुलापर्यंत का जाऊ नये?

ही आशा खोटी नाही, पण फोन पोहोचणे आणि शिक्षण पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींमधले अंतर कशाने भरते, यावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा, की पडद्याच्या पलीकडे मुलाला नावाने ओळखणारा शिक्षक हवा आणि अलीकडे घरातले कोणीतरी मुलाशेजारी हवे. या दोघांशिवाय उत्तम ॲपही पडून राहते.

वीस महिन्यांचा प्रयोग

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि कोणी न ठरवता एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा सुरू झाले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जे मूल जून २०२० मध्ये पहिलीत बसायचे, ते वर्गाचे तोंड पाहायच्या आत दुसरीत गेले.

या काळात राज्याने हात बांधून बसणे पसंत केले नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने चालवली. ‘दीक्षा’ ॲपवर इयत्तावार साहित्य आले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका जुलै २०२० मध्ये सुरू झाली. घरातली माणसे आणि घरातल्याच वस्तू घेऊन काय शिकता येईल, हे ती दाखवत असे. व्हॉट्सॲपवरून दर आठवड्याला सराव प्रश्न पाठवणारा ‘स्वाध्याय’ उपक्रम नोव्हेंबर २०२० मध्ये आला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. साधने नव्हती, असे म्हणता येणार नाही.

तरीही काय झाले, हे ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत दिसले. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. सप्टेंबर २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांतली ही वाढ थक्क करणारी होती. पण त्याच पाहणीत, आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुले फक्त एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. पुढे २०२२ मध्ये मुलांचे वाचन तपासले, तेव्हा दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातले प्रमाण २७.३ वरून २०.५ टक्क्यांवर आले होते आणि पाचवीच्या मुलांचे ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर.

हा फक्त गरीब देशाचा प्रश्न होता, असेही नाही. नेदरलँड्समध्ये शाळा अवघ्या आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी वेगवान इंटरनेट होते. शाळा बंद होण्याच्या थोडे आधी आणि नंतर झालेल्या चाचण्यांची तुलना केल्यावर संशोधकांना आढळले, की जितका काळ शाळा बंद होत्या, जवळपास तितक्या काळाचे शिकणे बुडाले होते. कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांचे नुकसान तर ६० टक्क्यांपर्यंत जास्त होते. उपकरण आणि जोडणी सगळ्यांकडे सारखी असूनही घरागणिक फरक पडला.

पडदा एकटा का पुरत नाही?

याचे एक उत्तर मेंदूच्या घडणीत आहे. अमेरिकेतल्या भाषा-शास्त्रज्ञ पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषेतल्या गोष्टी ऐकवल्या. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून बोलत, खेळत होता. काहींना त्याच माणसाचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले. प्रत्यक्ष माणसाबरोबर बारा बैठका झालेली बाळे चिनी ध्वनींमधला बारीक फरक ओळखू लागली. पडद्यासमोर तितकाच वेळ बसलेली बाळे काहीच शिकली नव्हती.

मोठी मुले बाळांइतकी माणसावर अवलंबून नसतात, पण तत्त्व बरेचसे तेच राहते. शिकताना मूल समोरच्याच्या नजरेकडे पाहते, चुकल्यावर त्याचा चेहरा वाचते, ‘पुन्हा सांगा’ म्हणते. शिक्षकही मुलाचा गोंधळलेला चेहरा पाहून वेग कमी करतो. ध्वनिचित्रफितीत ही देवाणघेवाण नसते. मुलाला कळले नाही तरी ती पुढेच जाते.

दुसरे उत्तर लक्ष टिकण्याचे आहे. मोठ्या माणसांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या लाखो पाहण्यांची नोंद २०१४ मध्ये तपासली गेली. तेव्हा चित्रफीत कितीही लांब असो, ती सलग पाहिली जाण्याचा मध्यम काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असे दिसले. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या दर शंभरांतल्या तीन-चार जणांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. ही माणसे शिकलेली होती आणि स्वतःच्या इच्छेने आली होती. मग तिसरीतल्या मुलाने कोपीत बसून, धाकट्या भावाला सांभाळत, चाळीस मिनिटांचा पाठ एकट्याने पाहावा अशी अपेक्षा धरणे म्हणजे अन्याय आहे.

तिसरे उत्तर साधे आहे: वेळ जुळत नाही. ऊसतोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे अंधारातच ती फडात जाते. दुपारपर्यंत तोडणी, मग मोळ्या बांधणे, वाहन आले की भरणे. वाहन रात्री आले तर भरणीही रात्री. ठरलेली सुट्टी नसते. फोन बहुधा वडिलांच्या खिशात, म्हणजे फडात असतो. चार्जिंग मिळेल तेव्हा आणि रिचार्ज पैसे असतील तेव्हा. सकाळी अकराचा ऑनलाइन तास या दिनक्रमात कुठेच बसत नाही. तो चुकला म्हणून मुलाला अभ्यासाची आवड नाही किंवा पालक बेफिकीर आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

वीस मिनिटांचा फोन

मग काय चालते? याचे सर्वांत भक्कम उत्तर आफ्रिकेतल्या बोट्सवाना या देशातून आले. २०२० मध्ये शाळा बंद होताच तिथल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची साडेचार हजारांवर कुटुंबे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला दर आठवड्याला गणिताची काही सोपी उदाहरणे साध्या एसएमएसने पाठवली. दुसऱ्या गटाला एसएमएसबरोबरच शिक्षकाचा साधारण पंधरा-वीस मिनिटांचा फोनही गेला. तिसऱ्याला दोन्ही नव्हते. ना इंटरनेट, ना ॲप, ना स्मार्टफोनची गरज.

काही महिन्यांनी मुलांची चाचणी घेतली. नुसत्या एसएमएसचा ठळक परिणाम दिसला नाही. पण एसएमएस आणि फोन दोन्ही मिळालेल्या मुलांचे गणित स्पष्टपणे सुधारले. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्स या पाच देशांत तोच प्रयोग झाला आणि तिथेही मुले शिकली. महत्त्वाचे म्हणजे फोन करणारे सरकारी शिक्षक होते की संस्थेचे कार्यकर्ते, याने विशेष फरक पडला नाही.

या फोनमध्ये होते तरी काय? तीन गोष्टी. एक, मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा त्याला काय येते, यावर पुढचे उदाहरण ठरत होते. बेरीज येत असेल तर वजाबाकी, वजाबाकी अडत असेल तर तिथेच थांबणे. दोन, मूल उत्तर मोठ्याने सांगत होते आणि चूक असेल तर लगेच कळत होते. तीन, फोन पालकाने उचलायचा आणि स्पीकरवर ठेवायचा होता. त्यामुळे आपल्या मुलाला नेमके काय येते, हे आई-वडिलांना प्रथमच स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळाले. या पालकांचा मुलाच्या पातळीविषयीचा अंदाज पुढे अधिक अचूक निघाला आणि त्यांचा आत्मविश्वासही वाढला.

वडवणीच्या दृष्टीने पाहिले तर हा हिशेब आवाक्यातला आहे. एखाद्या शिक्षकाच्या वर्गातली बारा मुले हंगामात बाहेर असतील आणि प्रत्येकाला आठवड्याला वीस मिनिटे द्यायची असतील, तर ते आठवड्याचे चार तास होतात. हे काम मोठे आहे. म्हणून ते शिक्षकाच्या उत्साहावर न सोपवता कामाच्या वेळेत धरायला हवे. पण त्यासाठी नवे उपकरण लागत नाही.

न शिकलेली आई काय करू शकते?

ऑनलाइन शाळेत सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे पालक. त्याच्याकडून फोन, रिचार्ज आणि शांत जागा यांची अपेक्षा केली जाते, पण त्याने करायचे काय, हे क्वचितच सांगितले जाते. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत आई-वडील दोघेही नववीच्या पुढे शिकलेले असतील, तर जवळपास ८९ टक्के मुलांना घरातून अभ्यासात मदत मिळत होती. दोघेही जास्तीत जास्त पाचवीपर्यंतच शिकलेले असतील, तर हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. फरक मोठा आहे. पण दुसरा आकडाही नीट पाहायला हवा. ज्यांना स्वतःला फारसे लिहिता-वाचता येत नाही, अशा निम्म्याहून अधिक घरांत मुलांना कोणीतरी मदत करतच होते. कुठे मोठी बहीण, कुठे भाऊ, कुठे काका.

ही मदत वाढवता येते, कारण शिकवणे म्हणजे फक्त समजावून सांगणे नव्हे. स्मरणशक्तीच्या अभ्यासात वारंवार सिद्ध झालेली एक गोष्ट अशी, की धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगितल्याने तो जास्त दिवस लक्षात राहतो. आठवण्याची धडपडच आठवण पक्की करते. ‘आज काय वाचलंस, मला सांग बरं’ एवढे विचारायला आईला अक्षरओळख लागत नाही. मूल सांगता सांगता अडखळेल, पुस्तक उघडून पाहील, पुन्हा सांगेल. हाच अभ्यास. तीन दिवसांनी आईने तीच गोष्ट पुन्हा विचारली, तर आणखी चांगले.

गणितासाठी तर फडाइतकी सामग्री कुठल्या ॲपमध्ये नाही. आज किती मोळ्या झाल्या, एका रांगेत किती, अशा किती रांगा, वाढ्यांच्या किती पेंढ्या विकल्या, एका पेंढीला किती रुपये, किराणा वजा जाता किती उरले. आई-वडील हा हिशेब रोज तोंडी करतात. तो मुलाला करायला लावायचा आणि वहीत मांडायला सांगायचा. यात एक सीमा मात्र पाळावी लागते: मोळ्या मोजणे हा अभ्यास आहे, मोळ्या वाहणे ही मजुरी.

राज्याला याचा अनुभव आहे. शाळा पुन्हा सुरू होताना २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवले गेले. त्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या मातांचे छोटे गट करून घरी करायच्या सोप्या कृतींची आयडिया कार्डे देण्यात आली. आई शिकलेली आहे का, हा प्रश्न न विचारता तिला कामाला लावणारी ही कल्पना होती. गावातला असा माता पालक गट हंगामात विखुरतो, पण अनेकदा एकाच गावची माणसे एकाच टोळीत असतात. चार-पाच कोप्यांची मुले संध्याकाळी एकत्र बसवायची, त्यातल्या सातवी-आठवीतल्या मुलाने किंवा मुलीने धाकट्यांना वाचून दाखवायचे आणि फोन त्या गटाला मिळून एक, असे केले तर एका फोनवर पाच मुलांचा अभ्यास होतो. फोनवरच्या शिक्षकाने त्या मोठ्या मुलीचे नाव घेऊन कौतुक केले, तर तिच्याही शिक्षणाचा धागा तुटत नाही.

डोळे आणि झोप

मुलाच्या हातात फोन देताना पालकांना सर्वांत जास्त काळजी डोळ्यांची वाटते. ती रास्त आहे. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी जुलै २०२० मध्ये ऑनलाइन तासांची मर्यादा सांगितली होती. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांचे दोनपेक्षा जास्त तास नाहीत आणि नववी ते बारावीसाठी तसे चारपेक्षा जास्त नाहीत. नियमित शाळा सुरू असतानाही हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे.

पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. जवळचे सतत पाहिल्याने डोळ्यांतल्या स्नायूंना ताण येतो. त्यासाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायचे, हा सोपा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. फोन हातभर लांब, अक्षर मोठे आणि आजूबाजूला उजेड. अंधाऱ्या कोपीत पांघरुणाखाली फोन पाहणे सर्वांत वाईट.

लहान वयात चष्मा लागण्याचा, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा संबंध मोकळ्या उजेडातल्या वेळाशीही आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांनी या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना ही तक्रार सुरू झाली होती. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. फडावरच्या मुलांना उजेडाची कमतरता नाही. शहरात सदनिकेत बसून ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना मात्र हा सल्ला तंतोतंत लागू पडतो.

ऊसतोड कुटुंबातल्या मुलांचा धोका वेगळा आहे. शाळेत होणारी आरोग्य तपासणी त्यांच्या हातून निसटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करतात, त्यात नजरही येते. पथक गावात येते तेव्हा मूल फडावर असेल, तर वर्ष तसेच जाते. फोन नाकाजवळ धरणारे, ओळी गाळून वाचणारे किंवा वाचताना डोके धरणारे मूल आळशी असेलच असे नाही, कदाचित त्याला नीट दिसत नसेल. ‘अभ्यासात मागे’ असा शिक्का मारण्याआधी नजर तपासावी. गाव सोडण्यापूर्वी, पहिल्या सत्रातच ही तपासणी करून घेणे शाळेला जमू शकते.

झोपेचेही तसेच. आई-वडील दमून आल्यावर, रात्री नऊनंतरच फोन मुलाच्या हाती येतो. अभ्यास दहा मिनिटांचा होतो आणि नंतर तासभर चित्रफिती चालतात. झोपण्याआधीचा प्रखर पडदा झोप लांबवतो. दिवसभरात शिकलेले पक्के होते ते बरेचसे झोपेत. म्हणून उशिरा रात्री अभ्यासाची चित्रफीत पाहण्यापेक्षा झोपलेले बरे. शिक्षकाने पाठवलेला दोन मिनिटांचा आवाजी निरोप यापेक्षा उपयोगी ठरतो. तो डेटा कमी खातो, पडदा न पाहता ऐकता येतो आणि चूल पेटवताना आईच्याही कानावर पडतो.

निघण्यापूर्वीचा आठवडा

हे सगळे जमवायचे तर सुरुवात फडावर होत नाही. ती गावात, निघण्यापूर्वी होते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे. त्या पत्रकावर तो जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावे, असा हेतू आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश मिळण्याचा अधिकारही दिला आहे. दाखला हाती नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कोपीपासून चालत जाण्याजोगी शाळा असेल, तर फोनवरच्या शाळेपेक्षा ती केव्हाही चांगली. अशा वेळी गावच्या शिक्षकाने तिथल्या मुख्याध्यापकांना केलेला एक फोन मुलाचा संकोच कमी करू शकतो.

या पत्रकाबरोबर आणखी चार गोष्टी शाळेने करून ठेवाव्यात. कुटुंबातले दोन फोन नंबर, शक्यतो एक आईचा, आणि टोळीतल्या आणखी एकाचा. मुलाची वाचनाची व गणिताची आजची पातळी एका ओळीत. दुसऱ्या सत्राची पाठ्यपुस्तके पिशवीत, कारण छापलेले पुस्तक चार्जिंग मागत नाही. आणि फोनची वेळ कोणती, हे शिक्षकाने ठरवण्याऐवजी पालकांना विचारून ठरवलेली. मोळ्या बांधून झाल्यावर की जेवणानंतर, हे त्यांनाच माहीत असते. पालकांना ‘मुलाचा अभ्यास घ्या’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘दर बुधवारी आणि शनिवारी फोन येईल, तेवढा वेळ कोपीत थांबा’ असे नेमके सांगितले, तर ते पाळणे सोपे जाते.

फोनची मर्यादा

एवढे करूनही फोन शाळेची जागा घेऊ शकत नाही. तिथे गरम आहार नसतो, मैत्रिणी नसतात आणि दिवसभर मुलीवर लक्ष असणारे मोठे माणूस नसते. फडावर दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडे येतात. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या ४० टक्क्यांहून अधिक महिलांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदले गेले. शाळा सुटणे आणि लग्न ठरणे या दोन घटना एकमेकींपासून फार लांब नसतात.

म्हणूनच मूल गावातच आजी-आजोबांकडे राहावे, त्याची शाळा आणि जेवण चालू राहावे यासाठीची हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे, ही पहिली तजवीज आहे. फोन ही दुसरी, ज्यांना मागे ठेवता येत नाही त्यांच्यासाठी. ‘आता तर सगळे ऑनलाइन आहे’ असे म्हणून पहिली तजवीज आखडती घेतली गेली, तर तंत्रज्ञानाचा उपयोग मुलांच्या विरोधात होईल.

मूल परत येते, तेव्हाची वेळही तितकीच नाजूक असते. मार्च-एप्रिलमध्ये वर्ग बराच पुढे गेलेला असतो आणि परीक्षा तोंडावर असते. त्या पहिल्या आठवड्यात मुलाला मागच्या बाकावर बसवून चालू धड्यात ओढण्यापेक्षा त्याला काय येते, हे दहा मिनिटांत पाहावे. अक्षरे येतात का, शब्द, उतारा, की गोष्ट. तिथून पुढे रोज तासभर, त्याच पातळीच्या चार-पाच मुलांच्या गटात. हंगामभर फोनवर बोलत राहिलेल्या शिक्षकाला हे दहा मिनिटेही लागणार नाहीत. ते मूल कुठे अडते, हे त्याला आधीच ठाऊक असेल. आणि मुलालाही वर्गात शिरताना अनोळखी ठिकाणी आल्यासारखे वाटणार नाही.